घाण्यामागे पळीभर तेल

चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. लोक पाटणादेवीला नवस फेडायला जातात, पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा पाहून येतात. याच पाटणला एका जुन्या देवळात शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. लेख इ.स. 1207 मधला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथं मठ काढला, अशी त्यातली हकीकत आहे.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. मठाला कुणी काय द्यायचं हा तपशील आला, की भाषा मराठीवर येते. पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावर राजाला गिऱ्हाइकाकडून जे मिळायचं ते मठाला दिलं. गावात जेवढे घाणे चालतात तेवढ्यांमागे ‘पली पली तेला’, म्हणजे पळी पळी तेल. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या तेल्यानं एका शिकवण्याच्या जागेसाठी तेल मोजून दिलं, ही गोष्ट मी दर वर्षी सातवीच्या मुलांना सांगते. भास्कराचार्य त्यांना लांबचे वाटतात, तेली ओळखीचा वाटतो.

मला त्यातली एक गोष्ट फार विचार करायला लावते. ग्रंथ तर होताच. भास्कराचार्यांचा गणित-ज्योतिषावरचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ 1150 मध्ये लिहून झाला होता. मठ निघाला तोवर अर्धं शतक उलटून गेलं होतं. ग्रंथ पद्यात होता, पाठ करता येत होता, त्याच्या नकला होत होत्या. तरीही नातवाला मठ काढावासा वाटला. ग्रंथ हाताशी असला तरी तो उलगडून सांगणारा माणूस लागतो, त्याला बसायला जागा लागते, आणि त्याच्या पोटापाण्याची सोय गावच्या बाजारातून सतत होत राहावी लागते. एकदाच देऊन मोकळं होण्यातलं ते दान नव्हतं. घाणा चालतोय तोवर तेल द्यायचं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा गिरणाकाठच्या गावात, पहिली ते सातवी. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या आत काढली. खडू-फळ्यापासून हातातल्या मोबाइलपर्यंतचा सगळा बदल मी वर्गात उभी राहून पाहिलाय, आणि गेली काही वर्षं हा मठ माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे डिजिटल शाळा आली ती लोकवर्गणीतून. 2016च्या आसपास धुळे जिल्ह्यात तर त्याची मोठी चळवळच झाली. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या धुळ्याच्याच एका तरुणानं काही वाटा उचलायचा, उरलेला गावानं, अशा रीतीनं जिल्हा परिषदेच्या अकराशेवर शाळांत पडदे नि प्रोजेक्टर लागले. आमच्या गावातही कापसाचे पैसे हातात आल्यावर बैठक झाली. कुणी हजार दिले, कुणी शंभर. निंदणीला जाणाऱ्या बायांच्या एका टोळीनं एका दिवसाची मजुरी आणून दिली, आणि पावती नको म्हणाल्या. टीव्ही भिंतीवर बसला त्या दिवशी वाजतगाजत नारळ फुटला.

त्या पडद्यानं काय दिलं ते मी आधी मनापासून सांगते, कारण त्याबद्दल तोंड वाकडं करणाऱ्यांनी बहुतेक वेळा कधी पत्र्याच्या खोलीत चार इयत्ता सांभाळून शिकवलेलं नसतं. समुद्र मी कितीदा फळ्यावर काढला होता. पडद्यावर पहिल्यांदा लाट फुटली तेव्हा पहिल्या रांगेतली मुलं पाय वर घेऊन बसली. हृदयाचे कप्पे, झडप उघडते कशी, रक्त उलटं का येत नाही, हे मी हातवारे करून सांगायचे. आता चलचित्रात दोन मिनिटांत दिसतं. पृथ्वी कलती फिरते म्हणून आपला मे असा भाजून काढतो, हे मुलांना त्या फिरत्या गोळ्यावर पटलं. पुस्तकाच्या पानावरचा क्यूआर कोड हीसुद्धा साधी गोष्ट नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते करून दाखवलं, पुढे ते राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आलं, आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. एका जिल्हा परिषदेच्या मास्तराच्या डोक्यातून निघालेली युक्ती आहे ती. तिच्याबद्दल मला अभिमान आहे.

मग अडतं कुठं?

वर्गात शिकवताना मी जेवढं बोलते त्याहून जास्त बघते. भागाकारात पुढचा अंक उतरवून घेताना तिसऱ्या रांगेतली पोर पेन्सिल थांबवते. तोंडानं काही म्हणत नाही. तिच्या भुवया सांगतात. मी तिच्याजवळ जाते, खाली बसते, आणि ती हळूच म्हणते, “मॅडम, माले समजनं नही.” एवढं वाक्य तिच्या तोंडून निघावं म्हणून कधी आठवडे जातात. ते प्रमाण मराठीत निघत नाही. मीही मग अहिराणीत शिरते, भाकरीवर नाही तर बोरांवर भागाकार मांडते, आणि दहापैकी निदान सात वेळा गाडी पुढं सरकते. पडद्यावरची ताई फार गोड बोलते. तिची मराठी स्वच्छ, चित्रं सुंदर. तिला ही भुवई दिसत नाही. ती पुढच्या उदाहरणाकडे जाते आणि पोर मागंच राहते, आणि खोलीत सगळं शांत असतं म्हणून बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, काय छान शिकतायत मुलं.

म्हणजे धडा मुलापर्यंत पोचवणं आता सोपं झालं. मुलाचं काय चाललंय ते शिकवणाऱ्यापर्यंत परत येण्याची वाट मात्र तेवढीच अरुंद राहिली, काही ठिकाणी बंदही झाली. शिक्षणातलं सगळं अवघड काम याच परतीच्या वाटेवर होतं, असं माझं ठाम मत आहे.

शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिलेत. दोघांत चार इयत्ता. एकीला शिकवताना दुसरी मोकळी सुटते, म्हणून तिला पडद्यापुढं बसवायचं. हे मीही करते, सगळेच करतात. त्यातल्या ज्या दिवशी शेजारच्या शिक्षकाला बैठकीला बोलावलेलं असतं, त्या दिवशी पडदा दुपारपर्यंत चालतो. यंत्र शिक्षकाच्या हाताखाली आलं की फार कामाचं ठरतं. शिक्षक नसलेल्या खोलीत ते मुलांना फक्त जागेवर बसवून ठेवतं.

हे सातपुड्यात सगळ्यात स्पष्ट दिसलं. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. तोवर माझी बदली खाली झाली होती, पण त्या पाड्यांवरच्या सहकाऱ्यांशी रोज बोलणं व्हायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवा असं सगळीकडे चाललं होतं. तिथं घरात फोन असला तर तो बापाकडे, बाप कामावर. रेंज एका ठरावीक टेकडीवर, आणि ती कधी गुजरातच्या टॉवरची. ‘सह्याद्री’ वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं, कार्यक्रम चांगला होता, पण ज्या घरात टीव्हीच नाही तिथं तो कसा पोचणार? आणि ज्या पोराची घरची बोली पावरी आहे, जे शाळेत येऊन मराठीचा पहिला शब्द ऐकतं, त्याच्यापुढं पुण्याच्या मराठीतलं चलचित्र आलं तरी त्यात त्याला चित्रंच हलताना दिसतात.

तिथल्या काही शिक्षकांनी मग पाड्यापाड्यावर चालत जायला सुरुवात केली. ओट्यावर, महूच्या झाडाखाली पाचसहा मुलं बसवायची, वही तपासायची, पुढचं देऊन पुढच्या पाड्यावर जायचं. फोनचा उपयोग त्यांनी उलटा केला: शिकलेल्या थोरल्या बहिणीला निरोप द्यायचा, आणि लहानग्यानं वाचलेलं तिनं रेंजच्या टेकडीवर जाऊन पाठवायचं. प्राथमिकचे वर्ग पुन्हा भरायला 2021चा डिसेंबर उजाडला. तेव्हा ज्या पाड्यांवर कुणीतरी येत-जात राहिलं होतं तिथली मुलं अक्षरं धरून होती. बाकीच्यांना तिसरीत बसवून पहिलीपासून सुरू करावं लागलं.

अमळनेरला साने गुरुजी 1924 ते 1930 प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. रोज. सगळ्या दिवसाचं काम उरकल्यावर. आज माझ्या फोनवर एका सकाळी जेवढा शैक्षणिक मजकूर येऊन पडतो तेवढा त्यांनी महिनाभरातही लिहिला नसेल. पण तो लिहिणाऱ्याला काल कोणत्या खोलीत भांडण झालं, कुणाचं घरून पत्र आलं नाही, कोण ताप येऊन पडलाय, हे ठाऊक होतं. वाचणाऱ्या मुलाला कळायचं की हे आपल्याला बघून लिहिलंय. फॉरवर्ड केलेल्या स्वाध्यायात ही गोष्ट येत नाही, तो कितीही रंगीत असला तरी.

आता तर फोन स्वतःच निबंध लिहून देतो. मागच्या श्रावणात मी सातवीला ‘माझा आवडता सण’ दिला. एका मुलीनं मोठ्या भावाच्या फोनवरून लिहून आणला. शुद्धलेखन निर्दोष, परिच्छेद नीट, दिवाळीचे दिवे, फराळ, आनंदाचे वातावरण. मी वाचून दाखवला. वर्ग ऐकत होता. मी तिला विचारलं, बाई, परवा तुझ्या घरी काय होतं? ती एकदम उजळली आणि म्हणाली, “मॅडम, आमनी कानबाई त्यामा नही!” नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई. गावाला गेलेले सगळे चुलते येतात, रोटांचा गहू मुठीनं मोजतात, घर सारवून-रंगवून घेतात, रोट कुळाबाहेर देत नाहीत, आणि सोमवारी नदीवर न्यायला निघतात तेव्हा आजीच्या डोळ्याला पाणी येतं. हे सगळं ती उभ्या उभ्या बोलत गेली. मी म्हटलं, हे लिही. तिनं लिहिलं, चुका भरपूर, आणि वर्गातल्या मुलांनी तो निबंध परत परत मागून वाचला.

त्या यंत्राला मी दोष देत नाही. त्याला जे पुरवलं गेलं ते त्यानं दिलं. आमच्या घरातलं, आमच्या बोलीतलं फारच थोडं तिथवर गेलंय. फोनवर बोलून टाइप करायला मुलांना आवडतं, पण ‘शे’ (म्हणजे ‘आहे’) म्हटलं की तिथं ‘से’ उमटतं, आणि पोर वैतागून आवाज चढवतं, जणू फोनला कमी ऐकू येतंय. अहिराणी गाण्यांना नि विनोदी व्हिडिओंना यूट्यूबवर एवढी माणसं बघतात, म्हणजे ऐकणाऱ्यांची वाण नाही. शाळेत मात्र ती अजून दाराबाहेरच्या चपलांपाशी थांबते.

म्हणून आम्ही फोन दुसऱ्या कामाला लावला. शनिवारी दप्तराविना शाळा असते. मुलांनी आज्या-आजोबांकडं जायचं आणि विचारायचं: मोट कशी हाकायचे, गिरणेला पूर आला तेव्हा काय झालं, पेरणीची गाणी कोणती, जात्यावर काय म्हणायचात. फोनमध्ये आवाज धरून आणायचा, वर्गात ऐकायचा, आधी अहिराणीत लिहायचा, मग मराठीत. एका आजीनं ओवी सांगताना मध्येच थांबून नातीला झापलं, की नीट धर तो फोन, माझा आवाज पडेल. त्या घरात आजीला कुणी काही विचारत नव्हतं, हे मला नंतर तिच्या सुनेनं सांगितलं. लिहिताना मुलांपुढं खरे प्रश्न आले. ‘माले’ लिहायचं की ‘मले’? ‘ळ’ आपण बोलतो की नाही? व्याकरणाचा एवढा वाद मी पाठ शिकवून कधी घडवू शकले नव्हते. भाषेच्या तासाला कधी तोंड न उघडणारा एक मुलगा यात सगळ्यांच्या पुढं होता, कारण मोटेचे सगळे भाग त्यालाच माहीत होते.

यासाठी लागलं काय? एक जुना फोन, थोडं रिचार्ज, आणि ऐकायला वेळ. त्यातला वेळ सगळ्यात दुर्मीळ. आधारचा देशातला पहिला क्रमांक दिला गेला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी. आता मुलाचं आधार जुळलं नाही तर ते मूल संचमान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षक किती हे ठरवणाऱ्या मोजणीत, धरलं जात नाही, मग समोर बाकावर बसलेलं असलं तरी. शाळेतलं नाव एका स्पेलिंगनं, रेशनकार्डावरचं दुसऱ्या, बापाचं तिसऱ्या. हे जुळवायचं, खिचडीचे आकडे रोज भरायचे, फोटो चढवायचे, एकाच माहितीसाठी वेगवेगळी पोर्टलं. नोंदी हव्यातच, त्यांच्यामुळे मुलांची पुस्तकं नि शिष्यवृत्ती येते. पण या नोंदींसाठी जातो तो तास वही तपासण्याचा असतो, आणि तो कुणी परत देत नाही.

आणि पळीभर तेलाचं काय? वर्गणी टीव्हीसाठी मिळते, कारण टीव्ही दिसतो, त्याच्यापुढं फोटो निघतो. वीजबिल, नेटचं रिचार्ज, बिघडलेला स्पीकर, यांना दाता नसतो. बिल थकलं म्हणून वीज तुटलेल्या शाळा आपल्याकडं कमी नाहीत. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत मी हाच विषय लावून धरला. पाटणची गोष्ट सांगितली. गावात आता घाणे नाहीत. पिठाची गिरणी आहे, दूध डेअरी आहे, कृषी केंद्र आहे. गिरणीवाल्या आप्पांनी सगळ्यात आधी होकार दिला, महिन्याचं रिचार्ज माझ्याकडं. डेअरीनं बिलाचा काही भाग घेतला. मोठी रक्कम नाही, पण ती दर महिन्याला येते, आणि तेवढ्यानं शाळेचं नेट बंद पडत नाही.

त्या नेटचा सगळ्यात चांगला उपयोग झाला तो वर्गात नसलेल्या मुलासाठी. दिवाळीनंतर आमच्या गावातून काही कुटुंबं ऊसतोडीला जातात, बरीचशी गुजरातेत, बारडोलीकडं. घरी सांभाळायला कुणी असेल तर पोर मागं राहतं, नाहीतर कोयत्याबरोबर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या आईबापांबरोबर, पडावावर. सहावीतला एक मुलगा असाच गेला. जाताना पुस्तक दिलं, आणि बापाला सांगितलं, भाऊ, रात्री फोन पाच मिनिटं त्याच्या हातात द्या. तो रोज उतारा वाचून आवाजी निरोप पाठवायचा. मागून ट्रॅक्टरचा, भांड्यांचा, लहान बहिणीच्या रडण्याचा आवाज. मी सकाळी ऐकायचे, कुठं अडखळला ते सांगायचे. कधी चारचार दिवस काही यायचं नाही, मग एकदम सगळे उतारे एका रात्री.

एका रात्री त्यानं उतारा वाचलाच नाही. प्रश्न पाठवला: “मॅडम, उचल फेडाले कितला टन ऊस तोडना पडी?” बापानं मुकादमाकडून किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली होती आणि टनाचा भाव काय ठरला होता, दोन्ही आकडे त्यानं सांगितले होते. मी तो निरोप सकाळी सहावीच्या वर्गात लावला. कुणी न सांगता वह्या निघाल्या. भागाकार झाला, मग कुणीतरी म्हणालं, रोज किती टन तोडतात ते विचारा, म्हणजे दिवस काढता येतील. विचारलं. दिवस काढले. त्यात अमावास्येची सुट्टी धरायची का यावर भांडण झालं. उत्तर सगळ्यांनी मिळून, एकाच्या वर एक आवाज करत, त्याला पाठवलं.

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. उत्तर बरोबर नाही, म्हणाला. वजनात काट धरतात, शेकड्यामागं अमुक, ती तुम्ही धरलीच नाही. शेकडेवारीचा धडा पुस्तकात पुढं होता. आम्ही तो त्या दिवशीच काढला.